रंग जरा जास्तच चांगला

"गाडी अस्सल असती ना, तर या रंगाचे मी गुण कापले असते," अप्रेझर, म्हणजे जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारा माणूस, म्हणाला. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशात टाकत त्याने वाक्य पुरं केलं, "आता काही फरक पडत नाही." शेजारच्या बाईंनी नुसती मान हलवली. त्यांना त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. मला मात्र नीट कळलं आणि म्हणूनच ते अजून टोचतंय. मी डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो आणि गाड्यांच्या रंगातले दोष शोधण्याचा पगार घेतो. कुठे ओघळ आला, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा उमटला, क्लिअर कोट या वरच्या पारदर्शक थराखाली धुळीचा कण अडकला, की आमच्याकडे फोन खणखणतात, बैठका बसतात, कुणाची तरी खरडपट्टी निघते. ज्या दोषांमागे काठी घेऊन धावण्यात नोकरी गेली, ते दोष नाहीत म्हणून गुण कापू म्हणणारा माणूस माझ्यासमोर उभा होता, आणि तो चेष्टा करत नव्हता.

गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल. क्रॅनबेरी लाल रंग, बॉनेटवर आणि डिकीवर दोन-दोन रुंद काळे पट्टे. बाईंचे यजमान आदल्या हिवाळ्यात गेले. ते होते तेव्हा संध्याकाळी ऑफिसातून येताना त्यांच्या गॅरेजचं दार वर गेलेलं दिसलं, की मी बॅग गाडीतच ठेवून तिकडे वळायचो. माझं काम बॅटरी धरायची आणि अधूनमधून 'हं' म्हणायचं. पेट्रोल, जुनं रेक्झिन, गवत कापायच्या मशीनला चिकटून वाळलेलं गवत, असा मिळून एक वास त्या गॅरेजला होता. रंग त्यांनी स्वतः मारला होता, एका मित्राच्या बूथमध्ये, आणि मग अख्खा उन्हाळा ओल्या पॉलिश पेपरने हाताने घासून त्याचा आरसा केला होता. "हा दरवाजा तुझ्या कंपनीत नेऊन दाखव," असं मला म्हणायचे. नेला असता तर आमच्यातल्या काहींना खाली मान घालावी लागली असती. आता बाईंना घर लहान करायचं होतं, मुलीजवळ जायचं होतं, आणि गाडी विकण्याआधी तिची किंमत समजून घ्यायची होती. "तू गाड्यांतला माणूस, नुसता बाजूला उभा राहा," त्या म्हणाल्या. "मला कुणी गंडवायला नको."

अप्रेझर साठीचा, गुडघ्यांनी बेजार, पण जमिनीवर उताणा होऊन गाडीखाली सरकायला एका पायावर तयार. त्याने आधी रंगाकडे पाहिलंच नाही. मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक काढला आणि मागच्या चाकांच्या कमानीखाली, दाराच्या खालच्या कडेला तो हळूहळू फिरवत गेला. पत्रा असेल तिथे चुंबक ओढ घेतो, आत पुट्टी भरलेली असेल तिथे मलूल होतो. मागच्या काचेखालची पन्हळ, जिथे पाणी साठून गंज धरतो, तिथे बोट फिरवलं. डिकीतला गालिचा उचलून तळाचे वेल्ड पाहिले. मैल मोजणाऱ्या काट्यावर ६१ हजार होते, तिकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, कारण त्या काळचा तो मीटर पाच आकड्यांचा, लाख झाले की पुन्हा शून्यावर येणारा. त्याने ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं.

मग तो कागदांकडे वळला. इथूनच सगळं बदलतं. त्या वर्षीच्या शेव्हेलचा चेसिस नंबर फारसं तोंड उघडत नाही. १३६३७ ने सुरू झाला म्हणजे आठ सिलिंडरवाली मालिबू स्पोर्ट कूपे, इतकंच. 'एसएस' (सुपर स्पोर्ट) हे त्या साली वेगळं मॉडेल नव्हतं, वर पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं, त्यामुळे दूध-ब्रेड आणायची साधी मालिबू आणि ४५० अश्वशक्तीच्या एलएस६ इंजिनाची एसएस या दोघींच्या नंबराची सुरुवात एकच. पाँटिॲकच्या गाड्यांचे कारखान्यातले कागद आजही पैसे भरून मागवता येतात. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी केव्हिन मार्टी यांच्याकडे आहेत, ते अहवाल काढून देतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेंचं असं काही उरलेलं नाही. नशिबात असेल तर उरते ती बिल्डशीट: लाइनवरच्या कामगारांसाठी छापलेली, या गाडीला काय काय बसवायचं त्याची यादी. काम संपलं की कुणीतरी ती सीटच्या स्प्रिंगांत खुपसायचं, नाहीतर पेट्रोलच्या टाकीवर तशीच राहून जायची. बाईंनी ती प्लास्टिकच्या पाकिटातून काढून दिली. यजमानांनी टाकी उतरवली तेव्हा त्यांना सापडली होती. तपकिरी पडलेली, एका कोपऱ्यात गंजाचा डाग, घड्यांवर फाटलेली. तिच्यावर लिहिलं होतं ३०७ घनइंचाचं इंजिन आणि दोन गिअरची पॉवरग्लाइड गिअरबॉक्स. म्हणजे २०० अश्वशक्ती. पट्टे नाहीत, एसएस नाही.

"बहुतेकांचा हा कागद हरवतो," अप्रेझर म्हणाला.

त्याच्या आवाजात कौतुक होतं की कीव, मला ठरवता आलं नाही. यजमानांनी गाडी काय आहे हे कधीच लपवलं नव्हतं. आपल्याला तरुणपणी हवी होती तशी गाडी परवडली नाही, म्हणून म्हातारपणी केली, असं ते सरळ सांगायचे. आता बसवलेलं इंजिन एलएस६ सारखंच ४५४ घनइंचाचं होतं, पण ब्लॉकच्या कुशीतली ओतीव तारीख १९७४ सालातली, म्हणजे इंजिन गाडीपेक्षा चार वर्षांनी धाकटं. बाजारात अशा गाडीला चांगल्या मूडमध्ये 'ट्रिब्यूट' म्हणतात आणि भाव पाडायचा असेल तेव्हा 'क्लोन'. एलएस६ इंजिनाच्या शेव्हेल आणि एल कॅमिनो मिळून ४,४७५ बनल्या, आणि आज त्याहून जास्त शिल्लक आहेत, हा इथला जुना विनोद.

अस्सलपणाचा शेवटचा निवाडा होतो तो इंजिनाच्या पुढच्या अंगाला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात, काडेपेटीएवढ्या एका सपाट पट्टीवर. तिथे ठोकलेलं असतं, समजा, टी०११५सीआरव्ही. टी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला टोनावांडाचा कारखाना, मग १५ जानेवारी, आणि सीआरव्ही म्हणजे एलएस६, हाताने बदलायच्या गिअरसह. (आज सीआरव्ही म्हटलं की शाळेबाहेर मुलांना घ्यायला उभी असलेली होंडा आठवते, तो भाग वेगळा.) शेजारी गाडीच्या चेसिस नंबराचे शेवटचे आकडे. ते जुळले, इंजिनाची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची निघाली, की 'नंबर्स मॅचिंग', आणि किंमत एकदम वरच्या मजल्यावर. साहजिकच तिथे हात मारणारेही आहेत. जुने आकडे खरवडून नवे ठोकायचे. पण कारखान्यात ती पट्टी ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, कापलेली असते, तिच्यावर एका दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा असतात. मशीनवर पुन्हा सपाट केली की त्या जातात, गोल रेघा उमटतात. मग ठकसेन जाड एमरीने रेषा पुन्हा ओढतो. मग पारखणारा भिंग घेऊन येतो आणि म्हणतो, रेषा अक्षरांच्या वरून गेल्यात, खालून नाहीत. इतका बारकावा मी माझ्या कामातही क्वचित पाहिलाय. पण आम्ही तो वापरतो ते पुढची गाडी बरी निघावी म्हणून. इथे तो मागची गाडी तेव्हा कशी होती हे शोधायला लागतो.

अप्रेझरला गाडीभोवती फिरताना बघून मला कोल्हापूरचं उद्यमनगर आठवलं. वडिलांनी फियाट घेतली ती सेकंडहँडच, १९७३ ची, एका डॉक्टरांची. डॉक्टरांची गाडी म्हणजे 'एकहाती', तिला तेव्हा शंभर टक्के वजन. तरी वडील मिस्त्रींना घेऊन गेले. मिस्त्रींकडे चुंबक नव्हता. त्यांनी मधल्या बोटाचं पेर वाकवून पत्र्यावर टकटक करत गाडीला प्रदक्षिणा घातली, आणि मागच्या डाव्या मडगार्डवर आवाज टणटण होता तो बद्द झाला तशी मान वर केली. "तोंड रंगवलंय हिचं अण्णा, पायाकडं बघा की." पाय म्हणजे पेडलचं रबर. उद्यमनगर आणि मिशिगन, दोन्हीकडे मैलांचा हिशोब तिथेच लावतात याचा मला भयंकर आनंद झाला. मग आरटीओच्या फॉर्मसाठी चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा होता. ते काम माझ्याकडे आलं. पातळ कागद नंबरावर घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. आधी नुसता काळा ढग येतो, मग त्यातून पांढरे आकडे वर यायला लागतात. मी जोर जास्त दिला तर कागद फाटायचा, मिस्त्री मग गुपचूप दुसरा तुकडा पुढे करायचे. बद्द वाजलेल्या मडगार्डबद्दल डॉक्टरांनी शंभर रुपये सोडले आणि व्यवहार झाला. त्या फियाटची किंमत म्हणजे ती किती चालेल याचा अंदाज होता. नंबर जुळणं हे पोलिसांनी अडवू नये म्हणून.

रंगाच्या त्या वाक्याचा पाठपुरावा करायचाच म्हणून नोव्हेंबरात मी शिकागोजवळ रोझमाँटला गेलो. तिथे मसल कारचं, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या अशा जुन्या अमेरिकन गाड्यांचं, मोठं प्रदर्शन भरतं, परीक्षक वही घेऊन गाड्यांखाली शिरतात. एका प्लिमथच्या मालकाने मला इंजिनामागच्या पत्र्यावर पिवळ्या खडूची फरफट दाखवली, कारखान्यात खुणेसाठी ओढायचे तशी. जुन्या गाडीचा रंग उतरवण्याआधी त्याने तिचे फोटो काढले होते, आणि रंग झाल्यावर तीच फरफट, तशीच तिरकी, पुन्हा ओढली होती. सस्पेन्शनवर तपासनिसाने मारलेले रंगाचे फराटे, चेसिसवर उडालेला काळा फवारा, दाराच्या आतल्या कडेला आलेला ओघळ, सगळं पुन्हा केलेलं. ओघळ नेमका तिथे यावा म्हणून रंग फवारायचं पिस्तूल किती वेळ धरावं लागलं याचं वर्णन तो रंगात येऊन करत होता. परीक्षकांच्या भाषेत याच्या उलट असते ती 'ओव्हर रिस्टोअर्ड' गाडी, जरुरीपेक्षा चांगली. सत्तर साली हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात शुक्रवारी दुपारी घड्याळाकडे बघत कुणीतरी घाईत पिस्तूल फिरवलं असेल, वर साहेबाच्या शिव्या खाल्ल्या असतील. आज त्या घाईची हुबेहूब नक्कल करणारा कारागीर तासाचे जे पैसे घेतो, ते ऐकून त्या कामगाराने काय केलं असतं? त्याच सभागृहात एका कोपऱ्यात गोठ्यांतून, कोठारांतून सापडलेल्या गाड्या मांडल्या होत्या, धूळ न पुसता, सीटवरच्या उंदरांच्या घरट्यांसकट. लोक तिथे आवाज खाली करून बोलत होते. मला हसू येत होतं आणि मीही खाली वाकून बघत होतो. तिथला शब्द 'सर्व्हायव्हर'. गाडी एकदाच अस्सल असते, पुन्हा करता येत नाही, असं म्हणतात. पटतं. तरी तो खडू मला पटला नाही. खऱ्या गलथानपणाची किंमत मी समजू शकतो, नकलेला गुण देताना माझा हात थांबला असता.

आणि बाजाराची पारख तरी कुठे एवढी खात्रीची! १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड घ्या. नाकाला सुळका, शेपटीला माणसाच्या कमरेच्या वर जाणारा पंख. शर्यतीत उतरवायची म्हणून नियमापुरत्या जवळजवळ दोन हजार बनवल्या आणि त्या डीलरांच्या दारात पडून राहिल्या. काही डीलरांनी सुळके आणि पंख काढून टाकले, प्लिमथच्याच साध्या रोडरनर गाडीचं नाक बसवलं आणि गळ्यात मारल्या. तसलीच एक, हेमी या कंपनीच्या सगळ्यात ताकदवान इंजिनाची, २०२२ साली इंडियानापोलिसच्या लिलावात १६.५ लाख डॉलरला गेली. प्लिमथच्याच १९७१ च्या हेमी 'कुडा कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणाऱ्या, अवघ्या ११ बनल्या. कारण साधं: विम्याचे हप्ते तरुण पोरांच्या आवाक्याबाहेर गेले होते आणि हेमीसाठी वर भरायची रक्कम ऐकून गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडायचं. त्यातली एक २०१४ ला सिॲटलमध्ये ३५ लाख डॉलरला विकली गेली. दुसरीची बोली २०२१ ला ४८ लाखांपर्यंत चढली आणि गाडी विकलीच गेली नाही, मालकाची अपेक्षा त्याहून वर होती. आता तिची किंमत काय म्हणायची? कुणालाच नको होत्या म्हणून कमी बनल्या, कमी बनल्या म्हणून सगळ्यांना हव्या झाल्या. मधे २००७ च्या सुमाराला लोकांनी घरांवर कर्ज काढून या गाड्या घेतल्या, दोन वर्षांत भाव कोसळले, आणि कित्येकांच्या गॅरेजमध्ये चाकांवरचं कर्ज उभं राहिलं. हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीचं भावाचं पुस्तक गाडीला एक ते चार नंबर देतं, एक म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी, चार म्हणजे चालतेय इतकंच. पुस्तक उपयोगी आहे. लिलावाच्या मंडपात मात्र दोन माणसांना एकच गाडी हवी असणं आणि दोघांची बायको शेजारी नसणं, हा पाचवा नंबर कुठल्या पुस्तकात नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आमच्या इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते. आमच्याकडे तेव्हा गणपतीच्या नाटकाच्या तालमी चालू असतात, त्यातून सटकून मी जातो. फर्नडेलपासून पाँटिॲक गावापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा घडीच्या खुर्च्या, त्यांत पंचाहत्तरीचे, ऐंशीचे लोक. याच रस्त्यावर ते साठच्या दशकात सिग्नलवर शेजारच्या गाडीकडे बघून भुवई उडवायचे. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास डोळ्यांत झोंबतो, मोठं इंजिन मंद चालीवर ढकढक करतं तेव्हा ते कानांआधी बरगड्यांना कळतं. मला त्या आवाजाची मोहिनी आहे, पण आठवण नाही. माझ्या मुलाला तर मोहिनीही नाही. त्याला नव्वदच्या दशकातली टोयोटा सुप्रा हवी, कारण तिला त्याने लहानपणी कॉम्प्युटर गेममध्ये पिटाळलंय. खुर्चीतल्या मंडळींमागे या गाड्या कोण घेणार, हा प्रश्न अप्रेझरलाही पडलेला होता. फार दुर्मीळ आहेत त्या राहतील, त्याचं म्हणणं, मधल्यांचं काही खरं नाही.

बाईंच्या गाडीला त्याने लिहून दिलेला आकडा अस्सल एलएस६ च्या निम्म्याहून कमी होता. मी कितीही उलटसुलट हिशेब केला तरी त्यात खोट काढता येईना. घ्यायला आला तो ओहायोतला एक तरुण टर्नर, वडिलांना सोबत घेऊन. बिल्डशीट त्याने वाचली, परत दिली, आणि म्हणाला, बरं झालं, अस्सल असती तर चालवायला भीती वाटली असती. तेही खरंच. अस्सल गाड्या बंद ट्रेलरमधून प्रवास करतात, पावसाचा थेंब अंगाला लागू देत नाहीत. त्याने घासाघीस केली ती टायरांवरून, सहा वर्षं जुनी होती म्हणून. रंगावरून वडील हात फिरवत राहिले होते, त्यांनी फक्त विचारलं, हा कुणी मारला? बाईंनी सांगितलं. आकडा अप्रेझरच्या थोडा वरच ठरला. कागद मात्र बाईंनी गाडीबरोबर जाऊ दिला नाही, झेरॉक्स दिली. विक्रेत्याने असं करू नये, मूळ कागद गाडीबरोबरच जायला हवा, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.

हे सगळं मी फोनवर चुलतभावाला कोल्हापुरात सांगितलं आणि पस्तावलो. कारण ती डॉक्टरांची फियाट आता त्याच्याकडे आहे, आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच ठेवता येतो, नव्या नोंदणीला नंबरात व्हीए ही अक्षरं आणि वीस हजार रुपये फी. अट एक: गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. आमच्या फियाटच्या पोटात मधल्या काळात दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसलं, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. मी म्हटलं, मग विषय संपला. तो म्हणाला, "संपतोय कशाला? ते जुनं इंजिन काय विरघळलंय काय?" चारच दिवसांत त्याने माग काढला. मिस्त्रींच्या मुलाला आठवतंय, इंजिन कागलकडच्या एका गुऱ्हाळवाल्याने नेलं होतं, पंपाला लावतो म्हणून. शेडच्या मागे पडून आहे म्हणे. आता रविवारी दोघं आरसी बुक आणि पेन्सिल घेऊन निघालेत, आणि मला हुकूम आहे की फोन सायलेंटवर टाकायचा नाही.